भावाचा एमआरआय आणि तुझं गणित

साक्री तालुक्यातून अकरावी सायन्सच्या एका मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "सर, माझा भाऊ आठ वर्षांचा. सातव्या महिन्यातच झाला. उजवा हात-पाय कडक आहे, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडणं) सांगितलंय. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पेरिव्हेंट्रिक्युलर असं काहीतरी आहे, कोणी समजावलं नाही. तो डाव्या हाताने बॉल दाबतो तेव्हा उजव्याची बोटंही आपोआप वळतात. दिवाळीत त्याला मुंबईला हाजीअलीच्या संस्थेत दाखवणार आहोत. मला अशा मुलांच्या मेंदूवर संशोधन करायचंय. नीटसाठी गणित सोडू का?"

नको सोडूस, बेटा.

आधी तो शब्द. पेरिव्हेंट्रिक्युलर म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तिथल्या पांढऱ्या भागाला इजा होण्याची भीती जास्त, आणि हातापायांना हुकूम नेणारे तंतू तिथूनच खाली उतरतात. ते बघायचे कसे? पांझरेकाठच्या फडातला पाट तू पाहिला असशील. पाणी पाटाच्या लांबीने धावतं, बांध ओलांडून आडवं जात नाही. मेंदूतल्या पाण्याचे रेणूही तंतूंच्या लांबीने सहज सरकतात, आडवे कमी. डिफ्युजन एमआरआय हे सरकणं मोजतो आणि त्यावरून तंतूंची वाट काढतात. त्यासाठी चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला तीन बाय तीनचा एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता असतो. होय, तुझ्या गणिताच्या पुस्तकातलाच.

बॉलची ओळ मी दोनदा वाचली. एरवी उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते. जन्माच्या आसपास एक बाजू दुखावली, तर काही मुलांत चांगली बाजू दोन्ही हात स्वतःकडे ठेवते. मग एक हलवला की दुसराही हलतो. तुझ्या भावाचं असंच आहे असं मी म्हणत नाही, ते न्यूरॉलॉजिस्टने सांगायचं. पण हात कोणत्या बाजूच्या ताब्यात आहे, हे शोधायची रीत आहे: डोक्याबाहेरून चुंबकी ठोका द्यायचा आणि हाताचा स्नायू उडतो का बघायचं. 1985 मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. बार्कर इंजिनिअर. एमआरआयसाठी 2003 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, त्यातले लॉटरबर रसायनशास्त्राचे, मॅन्सफिल्ड भौतिकशास्त्राचे. आता कळलं, गणित का म्हणतोय?

नीट जरूर दे, पण सोबत आयसर या विज्ञान संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटीही दे. पाच वर्षांचं बीएस-एमएस पुण्याच्या आयसरमध्ये होतं. पुढे मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, बेंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था) किंवा आयआयएससी (विज्ञान संशोधनाची संस्था). पीएचडीला फेलोशिप मिळते, हे वडिलांच्या कानावर घाल. डॉक्टर होऊनही इथे येता येतं, पण एमबीबीएसची साडेपाच अधिक पुढच्या पदवीची तीन वर्षं धर, आणि पेशंटच्या रांगेत संशोधनाला वेळ काढणं सोपं नसतं. 'एमआरआयचा कोर्स' अशा जाहिराती दिसतील. तो मशीन चालवणाऱ्या टेक्निशियनचा कोर्स. नोकरी चांगली, पण तुझं काम ते नव्हे.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला मात्र कमी लेखू नकोस. स्कॅनमध्ये काय बिघडलंय हे दिसतं, हात प्रत्यक्षात काय करू शकतो हे नाही; ते हेच लोक मोजतात. शिवाय हात हलवताना मेंदूचा कोणता भाग काम करतो हे एमआरआयने बघायचं, तर मशीनच्या त्या ठणठणाटात मूल जागं, तरी निश्चल राहायला हवं, आणि सांगितलं की फक्त मूठ दाबायची. ज्याचे स्नायू मुळातच ऐकत नाहीत, त्या पोराकडून हे करून घेणं केवढं अवघड, ते तुला मी सांगायला नको.

एक कडू बोलतो. तुझी पीएचडी होईल तेव्हा तू अठ्ठावीसची आणि तो विशीचा असेल. त्याच्या हाताला थेरपी आत्ता लागते. तुझ्या संशोधनाने तो बरा होईल असं आईला सांगू नकोस, ती वाट बघत बसेल.

मुंबईला जाल तेव्हा बॉलचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ने, डॉक्टरांना दाखव. आणि थेरपिस्ट त्याचा हात तपासत असतील तेव्हा बाहेर बाकावर बसू नकोस, परवानगी घेऊन आत थांब.