शेहेचाळिसाव्या वर्षी प्रदर्शनाला चित्र पाठवता येतं का?

ताई, बँकेतून व्हीआरएस घेतलीत, चार वर्षं जलरंग करताय. एका स्पर्धेच्या फॉर्मवर '३५ वर्षांखालील' वाचलंत आणि क्लासमधले सरही म्हणाले की आता स्पर्धांचं वय गेलं. ते खरंच गेलं का, असा तुमचा प्रश्न आहे. सरांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांनी सगळे फॉर्म एकाच गठ्ठ्यात बांधलेत.

वयाची अट लागते ती मुख्यतः शिष्यवृत्त्यांना आणि ज्यांच्या नावातच 'युवा' आहे अशा पुरस्कारांना. वार्षिक प्रदर्शनांचं गणित वेगळं असतं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची. अशा ठिकाणी आणि आपल्या राज्य कला प्रदर्शनात विभागणी असते ती विद्यार्थी आणि कलाकार अशी. विद्यार्थी विभागात कॉलेजचं बोनाफाईड मागतात, ते तुमच्याकडे नाही, म्हणजे तुम्ही सरळ कलाकार विभागात. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीत अमृता शेरगिलला सुवर्णपदक मिळालं तेव्हा तिनं पंचविशीही गाठली नव्हती. तिच्याच वयाच्या पोरापोरींशेजारी तुमचं चित्र लागेल, एवढी तयारी मात्र ठेवा. तिथे 'उशिरा सुरुवात केली' म्हणून कुणी दोन मार्क जास्त देत नाही.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना बघा, म्हणजे वयाचा खेळ कळेल. युवा कलाकार शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी, दरमहा ५,००० रुपये. कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४०, दरमहा १०,०००. वरिष्ठ फेलोशिप चाळिशीच्या पुढे, दरमहा २०,०००. तिन्ही दोन-दोन वर्षांच्या. म्हणजे वयानं तुम्ही थेट वरिष्ठ! पण वरिष्ठाकडून कामही वरिष्ठाचं अपेक्षित असतं, आणि चार वर्षांच्या जलरंगांवर ते दाखवणं कठीण. खरी गोची इथे आहे. वय मोजतात जन्मतारखेपासून, हातात ब्रश कधी आला ते कुणी विचारत नाही. माझ्या मते 'काम सुरू करून दहा वर्षांच्या आत' अशी अट जास्त न्याय्य ठरेल. मूल मोठं करून, नोकरी संपवून चित्राकडे आलेल्या बायका या '३५'मध्ये सगळ्यात आधी गळतात. पुरुषही गळतात, पण कमी.

तारखेचा माझा अनुभव सांगतो. माझा जन्म दिवाळीतला, १९६१चा. शाळेत घालताना वय भरावं म्हणून गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिहिलं. माझ्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असायचा. १९९६ साली एका संस्थेच्या शिष्यवृत्तीची अट होती, '१ जुलै रोजी ३५ पूर्ण नसावीत'. मी चौतिशीतच होतो, पण कागदावर महिन्यापूर्वीच पस्तीस पूर्ण झालेली. आईला घेऊन जायचं म्हणत होतो पुरावा म्हणून, कारकून हसला आणि फॉर्म परत दिला. तेव्हा नियमात 'कोणत्या तारखेस' हे आधी शोधा, आणि दाखल्यावर आहे तीच तारीख भरा. खरी लिहायला गेलात तर छाननीत उडाल.

अटी बदलतातही. ब्रिटनमधलं टर्नर प्राइझ, म्हणजे तिथला कलाकारांसाठीचा मोठा पुरस्कार, १९८४ला सुरू झालं. ते जीवनगौरव वाटू नये म्हणून १९९१मध्ये पन्नाशीखालच्यांपुरतं ठेवलं. २०१७ला ती मर्यादा काढली आणि त्याच वर्षी जिंकली लुबैना हिमीद, वय ६३. अट काढल्यावर पहिल्याच झटक्यात पन्नाशी ओलांडून तेरा वर्षं झालेली बाई जिंकते, यातून काय ते समजा.

टागोरांचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. पॅरिसमध्ये १९३०ला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा त्यांचं वय ६९ होतं हे खरं, पण नोबेल मिळून सतरा वर्षं झालेल्या माणसाला दार कोण बंद करणार? आपल्या कामाचं नाही ते उदाहरण.

आता तुमच्यापुरतं. कलाकार विभागाचा फॉर्म घ्या. 'युवा' दिसलं की पान उलटा. मापं फ्रेमसकट मागितलीत की फ्रेमशिवाय ते नीट वाचा, जलरंगाला माउंट आणि काच धरली की चित्र बघता बघता हातभर वाढतं. मागे नाव, शीर्षक, माध्यम, माप आणि किंमत असलेली चिठ्ठी चारी कडा चिकटवून लावा, नुसत्या सेलोटेपवर ठेवू नका. एका उद्घाटनाला माझं चित्र दुसऱ्याच्या नावाखाली लागलं होतं ते याचमुळे.