दहाच्या दहा जागा भरायलाच हव्यात का?

अगं, कॉलेजच्या अर्जासाठी केलेली तुझी यादी वाचली. ऑलिंपियाड, वृक्षारोपण, गोदाघाट स्वच्छता, पैसे भरून केलेल्या दोन ऑनलाइन इंटर्नशिप, आणि खाली 'अजून काय टाकू काका?' जीव कळवळला, आणि खरं सांगतो, रागही आला.

कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या त्या एकाच ऑनलाइन अर्जात, अ‍ॅक्टिव्हिटीला दहा जागा आहेत म्हणून दहाही भरायच्या असं कुठे लिहिलंय? एकेकीला १५० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. अमेरिकेतली एमआयटी तर चारच विचारते. मार्क कॉलेजांना दिसतातच गं, कोणी सांगितलं नसताना ही पोरगी कशात रमते ते बघायचं असतं.

म्हणून म्हणतो, एकच धर. आणि ते तुझ्याकडे आहे, यादीतच नाहीये! दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेतली फवारणीची वही नववीपासून तू लिहितेस ना? ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस किती झाला, पानं सकाळी किती वाजेपर्यंत ओली होती, डावणी, तो द्राक्षावरचा बुरशीचा रोग, पहिल्यांदा कुठल्या ओळीत दिसली, सगळं. त्याच वहीवरून मामाशी भांडलीस, पान कोरडं असताना फवारा कशाला म्हणून, आणि शेवटी त्याने एक ओळ तुझ्या हवाली केली. हे का नाही लिहिलंस? म्हणे घरचं काम आहे. मग? त्या फॉर्ममध्ये घरच्या जबाबदाऱ्यांचा वेगळा प्रकारच आहे!

अशोका विद्यापीठाचा इंटरव्ह्यू झाला आणि समोरच्याने खोदून विचारलं तर वृक्षारोपणावर काय बोलणार तू? वहीवर तासभर बोलशील. शिफारसपत्र पण वर्गात ज्यांना तू प्रश्न विचारून भंडावतेस त्या सरांचं घे, नगरसेवकाचं लेटरहेड नको.

मी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायचो तेव्हा घरी सगळे म्हणायचे वेळ घालवतोय, सीईटी बघ. माझ्या वह्या कुठल्या फॉर्ममध्ये बसल्या नाहीत, त्याची खंत आहेच, पण सोडलं नाही ते बरोबरच केलं, आजही तेच म्हणेन. तुला तर विचारणारे आहेत, आणि तू तीच वही लपवतेस!

अ‍ॅडमिशन मिळेलच असं नाही, तिथे भल्याभल्या पोरांना नकार येतो. तरी एकच धर.

रविवारी वही घेऊन ये. निबंध ६५० शब्दांचा आहे, आधी मनात येईल तेवढं लिही, कापायला मी बसतो. सर्टिफिकेटांची फाइल आणू नकोस.