गठ्ठ्यावरचा आकडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मासिकं वितरित करणाऱ्या कंपनीत नोकरी लागल्याचं कळवलंस आणि त्याच चिठ्ठीत विचारलंस, ‘पगार बेताचा, वेळकाळ नाही, तरी तिथली माणसं वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना तिथं आवडतं तरी काय?’ पहिल्या आठवड्यात हे कुणालाही विचार, उत्तर येईल : फुकट वाचायला मिळतं. ते खोटं नाही. अंक बाजारात जायच्या दोन दिवस आधी हातात येतो, शाईचा वास ताजा असतो, जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी उघडता येतो. पण तेवढ्यावर कुणी वीस वर्षं काढत नाही. फुकटचे अंक सहा महिन्यांत अंगवळणी पडतात.

खरी गंमत गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीत आहे. गाव, विक्रेत्याचं खातं, अंकाचं नाव, महिना आणि प्रतींचा आकडा. यातलं बाकी सगळं ठरलेलं असतं, आकडा मात्र दर महिन्याला माणूस ठरवतो. कुठल्या गावातल्या कुठल्या स्टॉलवर या महिन्यात हे मासिक किती लोक विकत घेतील, याचा तो अंदाज असतो. महिन्याअखेरीला न खपता परत आलेले अंक मोजले की तो चुकला की जमला ते कळतं. अंदाज बांधायचा, आणि चार आठवड्यांत त्याचा निकाल हातात पडायचा, असं काम फार कमी नोकऱ्यांत मिळतं. टिकलेली माणसं या निकालासाठी टिकलेली असतात. तोंडाने कबूल करणार नाहीत, एवढंच.

आकडा कसा ठरतो ते नीट समजून घे. नवखा माणूस मागच्या महिन्याचा खप बघतो आणि तेवढाच आकडा टाकतो. वीस पाठवले, वीस संपले, म्हणून पुन्हा वीस. हिशेबाच्या वहीत हे फार सुरेख दिसतं, परत शून्य! पण सगळे अंक संपले याचा अर्थ एकविसावं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की नाही, हे तुला ठाऊक नाही. म्हणून विक्रेत्याला ‘किती खपले’ असं विचारायचं नाही, ‘शेवटचा कधी गेला’ असं विचारायचं. वीस अंक महिन्याच्या सहा तारखेला संपले असतील तर पुढच्या वेळी २६ पाठव. २७ तारखेला संपले असतील तर २२ पुरे. वीसपैकी अकरा खपले असतील तर थेट अकरावर आणू नकोस, चौदावर आण. स्टॉलवर दोन-तीनच प्रती उरल्या की विक्रेता त्या मागे सरकवतो, गिऱ्हाइकाला दिसेनाशा होतात आणि खप आणखी पडतो. उठाव कमी म्हणून आकडा कमी आणि आकडा कमी म्हणून उठाव कमी, या चक्रात चांगली मासिकंसुद्धा एखाद्या गावातून कायमची नाहीशी होतात.

एका महिन्याच्या खपावर विश्वास ठेवू नकोस. निदान तीन अंकांचा खप शेजारी मांड, आणि त्याच महिन्याचा मागच्या वर्षीचाही. मुलांची मासिकं एप्रिल-मेच्या सुट्टीत जातात, स्टँडवर आणि रेल्वे स्थानकात विशेष. शेतीची मासिकं खरिपाच्या आधी, आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात. स्पर्धा परीक्षांच्या मासिकांचं गणित जाहिरातीवर चालतं : लोकसेवा आयोगाची भरतीची जाहिरात आली की पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत आकडा वाढवावा लागतो, परीक्षा पुढे ढकलली की तोच अंक तसाच्या तसा परत. मुलं गावी निघून गेलेली असतात. हे कुठल्याच संगणकाच्या पडद्यावर येत नाही. ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला आणि स्टॉलवर उभं राहणाऱ्याला कळतं, आणि ते आपल्याला कळलं याची एक वेगळीच ऐट असते.

आता परतीच्या टेबलाबद्दल. नव्या माणसाला बहुधा तिथंच बसवतात आणि त्याला ती शिक्षा वाटते. धूळ, जुने अंक, कातरलेली मुखपृष्ठं. दूरच्या गावांहून वाहतूक परवडत नाही म्हणून काही प्रकाशक पूर्ण अंकाऐवजी नुसतं मुखपृष्ठ परत स्वीकारतात, उरलेला अंक तिथंच रद्दीत जातो. कुठल्या प्रकाशकाला काय चालतं याची यादी टेबलावर चिकटवून ठेव. मोजताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, जुन्या महिन्याचे अंक नव्यात मिसळून येतात, कारण मुखपृष्ठाचा रंग सारखा दिसतो. म्हणून महिना वाच, चित्र बघू नकोस. दोन, विक्रेत्याने चिठ्ठीवर लिहिलेला आकडा खरा धरून क्रेडिट नोट, म्हणजे परतीची रक्कम त्याच्या खात्यात जमा दाखवणारी चिठ्ठी, काढली जाते. आधी मोज, मग चिठ्ठी बघ. उलट केलंस तर हात तोच आकडा मोजतो. तीन, परतीची मुदत. प्रकाशकाची मुदत उलटून गेलेला अंक तो घेत नाही आणि मग विक्रेता, एजंट नाहीतर कंपनी, कुणाच्या तरी अंगावर तो पडतो. भांडणं होतात ती इथं. पण या टेबलावर तीन महिने बसलेल्या माणसाला अख्ख्या महाराष्ट्राची आवड पाठ होते : कुठल्या जिल्ह्यात पाककृतींचा अंक एकही परत येत नाही आणि कुठं ज्योतिषाशिवाय काही हलत नाही.

आणि मग दिवाळी. तिच्या आधीच्या तीन आठवड्यांत सगळे कुरकुरतात आणि वर्षभर त्याचीच वाट बघतात. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याला शंभरावर वर्षं झाली. मराठी घरात फराळाशेजारी अंक असतो तो गोदामात कुणीतरी रात्र जागवलेली असते म्हणून. अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन, हाती सुमारे सहा आठवडे. कागदावर भरपूर वाटतात. प्रत्यक्षात शेवटच्या जाहिराती येईपर्यंत फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, थांबतो, छापखान्यात सगळ्यांची एकदम गर्दी होते, आणि वीस दिवसांत येणारे अंक शेवटच्या आठ दिवसांत कोसळतात. त्यात तारीख सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला. मागच्या वर्षीचं वेळापत्रक इंग्रजी तारखांनी उचललंस तर अडीच आठवड्यांचा घोळ होईल. तिथीने मोज. दिवाळी ऑक्टोबरात आली तर परतीचा पाऊस गाठतो, तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याला आतून प्लास्टिक हवंच. वरून ताडपत्री टाकून भागत नाही, कारण पाणी खालून, टेम्पोच्या फाळक्यातून चढतं.

वजनाचा हिशेब स्वतः करून बघ, म्हणजे पाठ वाचेल. अंक दोनशे पानांचा, म्हणजे शंभर कागद. आकार १८ बाय २४ सेंटिमीटर, कागद ६० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम. आतल्या पानांचं वजन सुमारे २६० ग्रॅम, वर जाड मुखपृष्ठाचे वीसेक. म्हणजे अंक २८० ग्रॅमचा, पन्नासांचा गठ्ठा १४ किलो. असे शंभर गठ्ठे एका रात्रीत उचलणारा माणूस चौदाशे किलो उचलतो. म्हणून जाणती माणसं पंचविसाचे गठ्ठे बांधतात; बांधायला वेळ जास्त लागतो, पण सकाळी सगळे कामावर येतात.

बांधण्यातही खुब्या आहेत. अंकाची कण्याकडची, म्हणजे बांधणीची बाजू उघड्या बाजूपेक्षा जाड असते. सगळे एकाच दिशेने रचले तर गठ्ठा तिरका होतो आणि थप्पी घसरते. म्हणून पाच-पाच किंवा दहा-दहा उलटसुलट लावायचे. गरम डिंकाने बांधलेला अंक छापखान्यातून थेट आला असेल तर पट्टी लगेच आवळू नकोस, कणा नीट बसायला काही तास जाऊ देत. घाईत आवळलेल्या गठ्ठ्यातल्या अंकांची पानं वाचकाच्या हातात सुटतात आणि शिव्या प्रकाशकाला बसतात. सुतळी वापरत असाल तर वर-खाली एकेक पुठ्ठा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या अंकाच्या कडा चिरतात आणि तेवढे दोन हमखास परत येतात. प्लास्टिकची पट्टी कापताना तोंड बाजूला. ती ताणलेली असते, सटकन उडते.

पाठवण्याचा क्रम लांबून जवळ. आधी विदर्भ, मग गोवा, मराठवाडा, खानदेश, कोकण, मुंबई-पुणे शेवटी. दिवाळीच्या आठवड्यात एसटीच्या आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत प्रवाशांचंच सामान मावत नाही, तुझा गठ्ठा पुढच्या गाडीला जातो, आणि लक्ष्मीपूजनानंतर पोहोचलेला अंक स्टॉलवर बसून राहतो. पावतीचा फोटो एजंटला लगेच पाठव. गठ्ठा हरवत नाही, बहुतेक वेळा तो स्टँडवरच्या पार्सल खोलीत कुणी नेत नाही म्हणून पडलेला असतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे संच तर सगळ्यांच्या आधी निघायला हवेत. पाच अंकांचा संच दीड किलोच्या घरात जातो, विमानाचं भाडं अंकांच्या किमतीला गाठतं, म्हणून मागणी घेतानाच वजन सांग. अंकाबरोबर दिनदर्शिका विकली तर बिलात ती वेगळ्या ओळीवर टाक. मासिकावर जीएसटी नाही, दिनदर्शिकेवर आहे, आणि दोन्ही एका रकमेत घातलं की मार्चमध्ये हिशेबनीस तुला शोधत येतो. वर्गणीदारांचे टपालाने जाणारे अंक सवलतीच्या दरात जातात ते ठरलेल्या टपाल कार्यालयात ठरलेल्या तारखेला टाकले तरच. ती तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव.

वाचनालयांना विसरू नकोस. स्टॉलवरची विक्री लक्ष्मीपूजनानंतर एकदम ओसरते, वाचनालयांची मागणी मात्र पुढेही येत राहते, कारण त्यांचे सभासद दिवाळी अंक फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाचतात. थोडे संच त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेले असले की नोव्हेंबर जड जात नाही.

फिरतीचं काम मिळालं तर घे. गोदामातली माणसं फिरतीवरच्यांचा हेवा करतात, तो उगाच नाही. स्टॉलवर सकाळी सहाला जाऊ नकोस, तेव्हा वर्तमानपत्रांची घाई असते, कुणी मान वर करत नाही. साडेदहा-अकराला जा. गेल्या गेल्या उधारीची वही काढू नकोस. आधी मासिकं कशी लावली आहेत ते बघ. दोरीला चिमट्याने टांगलेला अंक दिसतो, थप्पीत ठेवलेल्याचा फक्त कणा दिसतो, आणि त्यावर किमतीचं लेबल चिकटवलं असेल तर नावही दिसत नाही. ‘काका, हा जरा पुढे लावू का?’ असं विचारून स्वतःच्या हाताने लाव. नाही म्हणणारे थोडे. मग चहा, मग वसुली. तीस-चाळीस स्टॉलवाले नावानिशी ओळखू लागले की शहरात कुठंही उभं राहायला जागा होते. पावसात अडकलीस तर छत्री, उपाशी असलीस तर अर्धा वडापाव. पगाराच्या चिठ्ठीत हे दिसत नाही, पण या धंद्यातली माणसं दुसरीकडे गेली की सगळ्यात आधी याचीच आठवण काढतात.

उणी बाजूही लिहितो, नाहीतर पत्र खोटं ठरेल. धंदा आकसतो आहे. स्टॉल कमी होतात, २०२० च्या टाळेबंदीत बंद पडलेले काही पुन्हा उघडलेच नाहीत. मोबाइलने बसमधला वाचक नेला. म्हणूनच आकडा नेमका असणं आता अधिक गरजेचं आहे. पूर्वी पाचशे जास्त छापले तरी खपून जायचे, आता प्रत्येक परतीच्या अंकाचं जाण्यायेण्याचं भाडं डोळ्यांत येतं. रुजू व्हायच्या आधी दोन गोष्टी लेखी विचारून घे : दिवाळीतल्या जादा तासांचे पैसे कसे मिळतात, आणि रात्रपाळी संपल्यावर घरी सोडायला गाडी आहे का. विचारायला संकोच करू नकोस. अशा कामात तोंडी आश्वासनं पुढच्या दिवाळीपर्यंत टिकत नाहीत.

पहिल्याच महिन्यात एक कर. वेगवेगळ्या वस्तीतले पाच स्टॉल निवड : एक स्टँडवरचा, एक रेल्वे स्थानकातला, एक कॉलेजजवळचा, एक जुन्या पेठेतला, एक नव्या वसाहतीतला. एकच मासिक धर. परतीचे गठ्ठे येण्याआधी प्रत्येकाच्या खपाचा तुझा अंदाज वहीत लिही, पेन्सिलने नाही, पेनाने. मग मोज. पहिल्या महिन्यात पाचपैकी एखादाच जमेल. चौथ्या महिन्याला पत्र पाठवशील तेव्हा बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, ते पाच आकडे तेवढे कळव.

तुझे,
काका