तुमचे प्रश्न : फॉर्म्युले पाठ आहेत, प्रश्नच कळत नाही

प्रश्न : मॅडम, मी सायकॉलॉजीच्या सेकंड इयरला आहे आणि आम्हाला स्टॅटिस्टिक्स कंपल्सरी आहे. फॉर्म्युले सगळे पाठ आहेत, सरासरी, मीडियन, स्टँडर्ड डेव्हिएशन सगळं काढता येतं, पण पेपरात आठ-दहा ओळींचा पॅसेज देऊन खाली प्रश्न टाकला की डोकंच बंद पडतं. मैत्रीण म्हणते तुझं गणित कच्चं आहे. खरंच तसं असेल का?

उत्तर : स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते, काढता येतं म्हणतेस, मग गणित कच्चं कसं असेल गं? वजाबाकी, वर्ग, बेरीज, भागाकार, वर्गमूळ, सगळं त्यात येऊन गेलं आणि सुरुवातीच्या स्टॅटिस्टिक्सला याहून अवघड आकडेमोड फारशी लागतही नाही. तुझं अडतंय ते वाचण्यात. टक्केवारी दिसली की ती नेमकी कुणातली टक्केवारी आहे हे न बघताच आपण पुढे पळतो, आणि पॅसेज सेट करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

ही दोन वाक्यं बघ. एक : आजार असलेल्या १०० जणांपैकी ९० जणांची टेस्ट पॉझिटिव्ह येते. दोन : टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या १०० जणांपैकी ९० जणांना आजार असतो. भरभर वाचलं तर दोन्ही एकच वाटतात ना? आता १००० माणसं घे, त्यातल्या १० जणांना आजार आहे असं धर. टेस्टने त्यातले ९ पकडले. उरले ९९० निरोगी, आणि समजा ही टेस्ट दर १० निरोगी लोकांमागे एकाला उगाचच पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे ते झाले ९९. एकूण पॉझिटिव्ह १०८ आणि त्यातले खरे आजारी फक्त ९, म्हणजे जेमतेम ८ टक्के. पहिलं वाक्य शंभर टक्के खरं असूनही दुसरं साफ खोटं निघालं, आणि यात बेरीज-भागाकाराच्या पलीकडे काहीच नव्हतं.

म्हणून कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी पॅसेजमधल्या प्रत्येक टक्केवारीशेजारी पेन्सिलने लिहायचं की ही कुणापैकी, आणि जमेल तिथे टक्के काढून टाकून सरळ माणसं मोजायची. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही बरं का, गेर्ड गिगेरेंझर आणि उलरिश होफ्रागे या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की हाच प्रश्न टक्क्यांऐवजी माणसांच्या संख्येत मांडला की लोकांना तो कितीतरी जास्त वेळा बरोबर सुटतो.

अजून एक, 'दुप्पट' हा शब्द दिसला की थांबायचं. १९९५ मध्येच ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. लोक घाबरले, अनेक बायकांनी गोळ्याच बंद केल्या. प्रत्यक्षात जुन्या गोळीवर साधारण ७००० बायकांमागे एकीला हा त्रास व्हायचा, नव्या गोळीवर दोघींना. दुप्पट झालं हे खरंच आहे, पण कशाच्या दुप्पट हे कुणी विचारलंच नाही, आणि तुझ्या पेपरातला प्रश्न बऱ्याचदा नेमका तिथेच असतो.

प्रश्न : मी रिसर्च पेपर किंवा मोठा पॅसेज दोन-तीनदा वाचतो, हायलाइट पण करतो, तरी दोन दिवसांनी विचारलं तर काही सांगता येत नाही. वाचण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर : हायलाइटर आधी बाजूला ठेव. पान पिवळं होतं आणि आपल्याला अभ्यास झाल्यासारखं वाटतं, बाकी त्याचा उपयोग फार नाही. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवरच प्रयोग केला होता, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते (इथेच आपण सगळे फसतो), पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तर लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होतं.

म्हणजे एकदा नीट वाच, पेपर उलटा ठेव आणि आपल्या भाषेत चार गोष्टी लिही : कुणाला मोजलं, काय मोजलं, कशाशी तुलना केली, आणि शेवटी म्हणणं काय. अडलास तर तेवढाच भाग परत उघड, सगळं पहिल्यापासून नको. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. 'नवीन पद्धतीने शिकणाऱ्यांचे मार्क वाढले' असं वाचतो आपण, पण जुन्या पद्धतीवाल्यांचे तेवढ्याच काळात किती वाढले हे लिहिलंय की नाही ते बघत नाही. आणि 'संबंध दिसला' असं लिहिलेलं असताना स्वतःच्या नोट्समध्ये 'यामुळे होतं' असं उतरवू नकोस. जास्त झोपणाऱ्यांना मार्क चांगले असतील, पण ज्यांचा अभ्यास वेळेत उरकतो तेच निवांत झोपत असतील हेही शक्य आहे की, रिसर्च पेपर लिहिणाऱ्याने सावधपणे लिहिलेलं असतं आणि आपणच घाईत त्याचं कारण करून टाकतो.

प्रश्न : पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली म्हणजे आपलं म्हणणं ९५ टक्के खरं, बरोबर ना? क्लासमध्ये सगळे असंच म्हणतात.

उत्तर : नाही. मुळात काही फरक नाहीच असं धरलं, तर आपल्याला मिळाला एवढा किंवा याहून टोकाचा डेटा येण्याची शक्यता किती, एवढंच पी-व्हॅल्यू सांगते. म्हणणं खरं असण्याची शक्यता ती सांगत नाही. वर टेस्टचं उदाहरण दिलंय ना, तिथे वाक्य जसं उलटं झालं तसंच इथेही होतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये खास निवेदन काढून हे स्पष्ट केलं होतं, तेव्हा क्लासमधल्यांना फार बोलू नकोस, शिकलेसवरलेले लोकही इथे घसरतात. आणि ०.०५ हा काही निसर्गनियम नाही, रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास सोयीची म्हणून सुचवलेली ती एक रेघ आहे.

प्रश्न : सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये सगळं काढून देतं, मग हाताने ग्राफ काढायला का लावतात?

उत्तर : फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट तयार केले, प्रत्येकात एक्स आणि वाय अशा आकड्यांच्या ११ जोड्या. चारही ठिकाणी एक्सची सरासरी ९, वायची साधारण ७.५, कोरिलेशन (दोन्ही आकडे किती जोडीने बदलतात त्याचं माप) ०.८२ च्या आसपास, ठिपक्यांमधून जाणाऱ्या रेषेचं समीकरणही जवळजवळ तेच. सॉफ्टवेअरचा आउटपुट वाचलास तर चौघांत फरक सांगता येणार नाही. ग्राफ काढला की एकात ठिपके साधारण रेषेभोवती, दुसऱ्यात चक्क वक्र, तिसऱ्यात सरळ रेषा आणि एकच ठिपका भलतीकडे, आणि चौथ्यात सगळे ठिपके एकाच उभ्या ओळीत, फक्त एक लांब जाऊन बसलेला, आणि त्या एकट्यामुळे कोरिलेशन आलेलं. हे आकडे नेटवर सहज मिळतात, एकदा वहीत स्वतः काढून बघ, ११ ठिपके काढायला असा कितीसा वेळ लागतो.