सांगणाऱ्याचं नाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वस्ताद गेल्याचं तालमीतल्या पोरांनी त्याच रात्री फोनवर कळवलं होतं, त्यामुळे बातमी नवी नव्हती. नवी होती ती तुझी अडचण. वस्तादांचं चरित्र लिहायचं मनावर घेतलंस, जुन्या पैलवानांना भेटलास आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या त्या एका कुस्तीपाशीच अडकलास. एकजण सांगतो, वस्तादांनी घिस्सा डाव मारून चितपट केली. दुसरा शपथेवर सांगतो, कुस्ती बरोबरीत सोडवली होती. आणि तू मला विचारतोस, "काका, खरं कोणतं धरू?"

काहीच धरू नकोस. दोन्ही लिही आणि दोन्हीपुढे सांगणाऱ्याचं नाव लिही. उत्तर एवढंच आहे. खालचं वाचलं नाहीस तरी अडणार नाही, पण मला बोलायचं आहे.

खासबाग गोल आहे. शाहू महाराजांनी ते बांधून घेताना मागच्यातल्या मागच्या माणसालाही हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, दिसावा अशी उतरण ठेवली. तरी एका अंगाला बसलेल्याला पैलवानाची छाती दिसते आणि समोरच्याला त्याच पैलवानाची पाठ. मातीतल्या कुस्तीत सगळा निकाल पाठीवर. पाठ पुरती लागली की खांदा टेकून गडी निसटला, हे क्षणात घडतं आणि त्यावर पेठापेठांत आयुष्यभर भांडणं चालतात. म्हणून नावापुढे तो माणूस कुठल्या अंगाला बसला होता तेही लिही. कुठल्या तालमीचा होता तेही. विरुद्ध तालमीचा माणूस जर म्हणत असेल की पाठ लागली, तर त्या एका वाक्याचं वजन तुझ्या सगळ्या गुरुबंधूंच्या साक्षीपेक्षा जास्त. पण नावच नसेल तर हे वजन वाचणाऱ्याने करायचं कसं?

तुला ही म्हातारपणची खोड वाटेल. खोड माझी नाही, सात शतकांपूर्वीची आहे. लीळाचरित्र म्हणजे मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, एवढं लिहून तू शाळेत मार्क मिळवले असशील. तो ग्रंथ म्हणजे तुझंच काम आहे रे! गुरू नजरेआड झालेला आणि शिष्य सैरभैर. अशा वेळी म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या आधाराने, चक्रधरस्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून एकेक आठवण गोळा केली. त्यात स्वामी जेवतात, चेष्टा करतात, कुणाची समजूत घालतात. पुढे मूळ पोथी हरवली, आणि ज्यांना जेवढं पाठ होतं तेवढं त्यांनी पुन्हा उभं केलं. साहजिकच पाठ, म्हणजे प्रत्येकाचा मजकूर, जुळेनात. तेव्हा त्या लोकांनी सगळं घोटून एकजीव केलं नाही. हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा तसा, अशी नावानिशी नोंद राहिली. ज्याला देव मानलं त्याच्याबद्दल आमच्यात फरक आहे, हे लिहायला त्यांना संकोच वाटला नाही. आणि आपल्याला एका कुस्तीच्या निकालावरून घाम फुटतो!

उलटं उदाहरणही आपल्याच घरातलं घे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी ज्याला ज्याला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" त्याने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "सगळेच सांगतात की!" सगळेच सांगतात म्हणजे विचारायला कुणाकडे जायचं? खाशाबा १९८४ साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. मधल्या वर्षांत त्यांच्याबरोबर सराव केलेली, त्यांच्या वर्गणीच्या पावत्या फाडलेली किती माणसं एकेक करून गेली असतील. त्यांची नावं कुठल्या वहीत आहेत?

आता तुझ्या प्रश्नांविषयी. पाठवलेली यादी वाचली आणि खरं सांगू, चिडलो. "वस्ताद माणूस म्हणून कसे होते?" हा काय प्रश्न झाला? याला "देवमाणूस" याशिवाय दुसरं उत्तर येतच नाही. माझ्या वस्तादांच्या एका पठ्ठ्याकडे मी असाच गेलो होतो. कान फुटलेले, गुडघे कामातून गेलेले, खाटेवर बसून दर वाक्याला "लई चांगला मानूस" म्हणत होता. मग मी विचारलं, पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय ओढायला, कसं शिकवायचे? तर म्हातारा भिंतीला धरून उठला, माझं मनगट पकडलं, दस्ती ओढली आणि मान माझ्या बगलेखाली घालून थांबला. तिथूनच म्हणाला, "हितं मान ऱ्हायली की मागनं टपली बसायची. 'आरं, मान गहाण टाकलीस काय?' म्हनायचे." वस्तादांचा आवाज इतक्या वर्षांनी मला ऐकू आला तो असा, एका म्हाताऱ्याच्या काखेतल्या घामाच्या वासासकट.

तेव्हा त्यांना तालमीत घेऊन जा. हौद्याच्या कडेला बसव. माती कोण उकरायचं, ताक, हळद, लिंबू, तेल किती पडायचं, पैसे कोण द्यायचं, हे विचार. दूध घालणाऱ्या गवळ्याच्या घरी उधारीची जुनी वही असेल तर बघ. वस्तादांनी किती पोरांना स्वतःच्या खात्यावर दूध पाजलं ते तिथे कळेल, भाषणात नाही. वस्तादांच्या पत्नीला, काकींना, विचार. चाळीस माणसांच्या भाकरी थापणाऱ्या बाईला आजवर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही, आणि ती सांगेल ते तिच्या नावावर लिही, "घरच्यांकडून समजले" असं नको. मोबाइलवर रेकॉर्ड कर, पण त्याच रात्री वहीत उतरव. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं घाल.

माझे वस्ताद गेले तेव्हा पहिल्या पुण्यतिथीला स्मरणिका काढायचं ठरलं. मी वह्या भरून ठेवल्या होत्या, प्रत्येक आठवणीला नाव. समितीचं म्हणणं पडलं, नावं काढा, सगळ्यांचं मिळून एक छान लिहा, वाचायला गोड लागेल, आणि जाहिरातींना पानंही मोकळी होतील. मी वह्या घेऊन घरी आलो. स्मरणिका निघाली. पहिल्या पानावर शुभसंदेश, मग फेट्यातले वस्ताद, मग "कुस्तीमहर्षी" वगैरे. आजही लोक मला ऐकवतात की तुझ्या हट्टापायी खरं चरित्र राहिलं. राहिलं, कबूल आहे. एक पाऊल मागे घेतलं असतं तर निदान अर्धं तरी छापलं गेलं असतं, असं माझी बायकोही म्हणायची. असेलही. पण मागच्या वर्षी एक पोरगा घर शोधत आला, त्याचा आजा आमच्या तालमीत होता. मी वही काढून आज्याच्या नावाचं पान उघडून दिलं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं, परत वाचलं आणि म्हणाला, "हे आज्याचंच बोलणं हाय." गोड केलेल्या मजकुरातून ते पान निघालं नसतं. मी तेव्हा बरोबर होतो. तुला पटो न पटो.

वस्तादांच्या मुलाचं म्हणणं आहे की मारझोडीचं आणि त्या हाकलून दिलेल्या पोराचं काही येऊ नये. त्याचा मान राख, छापण्याआधी वाचायला दे. पण वहीतून गाळू नकोस. मातीऐवजी मॅटवर सराव करतो म्हणून ज्याला वस्तादांनी लंगोटासकट तालमीबाहेर काढलं, त्याच्याकडे तर तू सगळ्यांच्या आधी जायला हवं होतंस. इतकी वर्षं तो वस्तादांशी मनातल्या मनात भांडतोय. त्याच्याइतकं कुणाला आठवत असणार?

तो हल्ली मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर बसतो. सौदे उरकल्यावर जा, आधी गेलास तर बोलणार नाही. बरोबर वही ने. आणि मी पाठवलंय असं सांगू नकोस, त्याचं माझं जमत नाही.

कळावे.