लॅटिनो डॉक्टर इतके कमी का?

प्रश्न : अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो, म्हणजे मेक्सिकोसारख्या मुख्यतः स्पॅनिशभाषक लॅटिन अमेरिकी देशांत मूळ असलेले लोक जवळपास पंचमांश आहेत, मात्र डॉक्टरांमध्ये त्यांचे प्रमाण फारच कमी असल्याचे वाचनात आले. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या, तर हा प्रश्न सुटणार नाही का? शिवाय रुग्णालयात दुभाषे मिळत असताना डॉक्टरही लॅटिनोच असावा, हा आग्रह कशासाठी?

उत्तर : २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ६.२ कोटी, म्हणजे १८.७ टक्के लॅटिनो आहेत आणि डॉक्टरांमध्ये त्यांचा वाटा साधारण सहा-सात टक्के आहे. लॅटिनो डॉक्टरांची संख्या वाढली नाही असे नाही. पण लोकसंख्या त्याहून झपाट्याने वाढली. १९८० मध्ये दर एक लाख लॅटिनो लोकांमागे १३५ लॅटिनो डॉक्टर होते, ते २०१० मध्ये १०५ वर आले. याच काळात गौरवर्णीयांमधील प्रमाण मात्र २११ वरून ३१५ वर गेले.

राखीव जागांचा मार्ग तेथे कायद्यानेच बंद आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरपैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखल्या होत्या. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली आणि वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून विचारात घेण्याची तेवढी मुभा ठेवली. कॅलिफोर्नियाने १९९६ च्या सार्वमतातून सरकारी विद्यापीठांपुरती हीही मुभा काढून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने ती देशभर जवळजवळ संपुष्टात आली. त्याच डेव्हिसमध्ये आता अर्जदाराच्या वंशाऐवजी त्याने सोसलेल्या आर्थिक-सामाजिक अडचणींना गुण दिले जातात, आणि हा उपाय मला अधिक टिकाऊ वाटतो.

तरीही खरी गळती प्रवेशाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच होते. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, असा लॅटिनो विद्यार्थी बहुधा कमी शुल्काच्या, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये नाव घालतो आणि शिकता शिकता नोकरीही करतो. तेथे पूर्ण केलेल्या रसायनशास्त्र-जीवशास्त्राच्या विषयांना काही वैद्यकीय महाविद्यालये आजही कमी लेखतात. त्यानंतर चार वर्षांची पदवी पूर्ण करायची, सुमारे साडेसात तासांची एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची, आणि पंधराहून अधिक महाविद्यालयांत अर्ज करण्याचा प्रघात असल्याने प्रत्येकाचे शुल्क वेगळे भरायचे. शुल्कात सवलत मिळते, पण शिकवणीला आणि अभ्यासाला लागणारा वेळ कामाच्या पाळ्यांतूनच काढावा लागतो. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी साधारण दोन लाख डॉलरचे कर्ज होते, हे दिसत असताना घरी पैसे पाठवणारा मुलगा या वाटेला न गेला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणूनच जी महाविद्यालये अशा विद्यार्थ्यांच्या वस्तीत गेली, त्यांच्याकडून मला अधिक अपेक्षा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील वैद्यकीय महाविद्यालयात २००४ मध्ये लॅटिनो समाजाच्या आरोग्यसेवेसाठी डॉक्टर घडवणारा खास अभ्यासक्रम सुरू झाला. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेलगतच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातील विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१६ मध्ये पहिली तुकडी घेतली. मेक्सिकोतील डॉक्टरांना तीन वर्षांच्या परवान्यावर कॅलिफोर्नियाच्या सामुदायिक दवाखान्यांत आणण्याचीही योजना आहे; तिने आजची निकड भागते, इतकेच.

आता दुभाष्यांविषयी. ते हवेतच. ते नसले, की शाळकरी मुलगी आईच्या मासिक पाळीचे, पोटदुखीचे किंवा वडिलांच्या दारूचे तपशील डॉक्टरला इंग्रजीत सांगत बसते, आणि तिला न कळलेले किंवा सांगायला लाज वाटलेले तसेच राहून जाते. आणीबाणीचा प्रसंग सोडून लहान मुलांकडून असे काम करून घेण्यास २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली, ती यामुळेच. तथापि चांगला दुभाषा असूनही संभाषणाचा वेळ दुप्पट होतो आणि संकोचाच्या गोष्टी तिसऱ्या माणसासमोर रुग्ण सहसा काढत नाही. अर्थात अमेरिकेत वाढलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील प्रत्येक लॅटिनो डॉक्टरला रुग्णाशी बोलण्याइतकी स्पॅनिश येतेच, असे नाही. त्यामुळे वैद्यकीय स्पॅनिशचे शिक्षण आणि दुभाषे या दोहोंवरील खर्च लॅटिनो डॉक्टर वाढले तरी कमी करता येणार नाही.