ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर आमच्या माघारी कोण बसतंय हे कसं शोधायचं?
आधी कुणाचं नाव घेऊ नका भाऊ. लातूरला आमच्या अडतीत सगळ्यांचा एकच पासवर्ड, मॉनिटरलाच चिठ्ठी चिटकवलेली, पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्यांच्या माल विक्रीच्या हिशोबाची, फाईल कुणीतरी उघडली अन् आळ आला नव्या पोरावर. विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनवर कधी काय झालं त्याच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम, उघडा, सिक्युरिटी लॉगमधे ४६२४ नंबरची नोंद म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं, लॉग भरला की जुन्या नोंदी जातात म्हणून पहिले पेनड्राईव्हवर सेव्ह करून घ्या. पण लॉगिन एकच असलं तर नुसती वेळ कळते, माणूस नाही, ती हजेरी अन् कॅमेऱ्याशी जुळवा. आमच्याकडं सिस्टिम लॉगमधे ६००५, म्हणजे मशीन चालू झाल्याची नोंद, रात्री सव्वानऊची निघाली, तेव्हा ते पोरगं औशाला घरी होतं. अन् प्रत्येकाला वेगळं लॉगिन आजच करून द्या.